आवाज न नेणारी तार

डिसेंबर 1908 मध्ये अमेरिकेतल्या बफलो शहरात आपोआप वाजणाऱ्या पियानोंचे कारखानदार एकत्र बसले. हे पियानो कागदाच्या गुंडाळीवर चालत. कागदाला भोकं पाडलेली असत आणि भोकातून हवा ओढली गेली की त्या भोकाची पट्टी वाजे. पंचाईत अशी होती की प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. एकदा पियानो घरात आला की त्याला चालणाऱ्याच गुंडाळ्या घेत राहण्यावाचून गिऱ्हाइकाला गत्यंतर नव्हतं. बफलोतला मुख्य ठराव छोटा होता: कागद सव्वाअकरा इंच रुंद असावा आणि पियानोच्या सगळ्या 88 पट्ट्यांसाठी इंचाला नऊ भोकं पाडावीत. कोणती पट्टी केव्हा दाबायची आणि केव्हा सोडायची, याखेरीज त्या कागदाला फारसं काही सांगता येत नसे. बोटाचा जोरही नोंदवणाऱ्या पद्धती त्या काळात होत्या. जर्मनीतल्या वेल्टे कंपनीने 1904 सालीच तशी पद्धत आणली होती, पुढे अमेरिकेत अ‍ॅम्पिको आणि ड्युओ-आर्ट आल्या. संगीताच्या कसोटीवर या तिन्ही पद्धती बफलोच्या गुंडाळीपेक्षा कितीतरी सरस होत्या. पण तिघींच्या खुणा तिघींपुरत्याच राहिल्या आणि 1930 च्या दशकात ग्रामोफोन आणि रेडिओपुढे त्यांचा बाजार बसला. साधी 88 पट्ट्यांची गुंडाळी मात्र त्यानंतरही छापली जात राहिली, तीही बफलोपासून मोजली तर शंभर वर्षं.

बफलोनंतर पाऊणशे वर्षांनी वाद्यांच्या कारखानदारांपुढे तोच पेच पुन्हा आला. या वेळी कागदाच्या जागी विजेची तार होती. त्यातून जे निघालं ते मिडी, म्हणजे म्यूझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस. आजचा कोणताही डिजिटल पियानो संगणकाला, टॅब्लेटला किंवा दुसऱ्या वाद्याला जोडला की त्यांच्यात जी भाषा बोलली जाते ती हीच, आणि तिचं व्याकरण 1983 सालचं आहे. त्या सालच्या संगणकाची फ्लॉपी आज कुठे घालायची हा प्रश्न पडतो, पण त्या सालचा सिंथेसायझर परवा घेतलेल्या पियानोशी बोलू शकतो, फार तर मध्ये एक स्वस्त डबी लागेल. हे कसं घडलं याची रूढ गोष्ट दोन दूरदृष्टीच्या माणसांची आणि त्यांच्या औदार्याची आहे. ती खोटी नाही, पण मला ती अपुरी वाटते. मिडीच्या कर्त्यांचं खरं कर्तृत्व वगळण्यात आहे. त्यांनी इतकं थोडं ठरवलं की कुणाला ते नाकारण्याचं कारण उरलं नाही, आणि पुढे जिथे जिथे या थोड्यावर भर घालायचा प्रयत्न झाला, तिथली भरच आधी जुनी झाली.

1981 ची परिस्थिती आधी पाहू. सत्तरच्या दशकातले सिंथेसायझर एकमेकांना विजेच्या दाबाने सूर कळवत. रॉबर्ट मूग यांच्या यंत्रांत एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढे. यामाहा आणि कॉर्गच्या काही यंत्रांत मात्र सप्तक चढवायला व्होल्टेज दुप्पट करावं लागे. म्हणजे एकाची तार दुसऱ्यात खुपसली तर आवाज यायचा, पण बेसूर. पुढे वाद्यांच्या पोटात मायक्रोप्रोसेसर आला. सॅन होजेच्या सीक्वेन्शियल सर्किट्स कंपनीत डेव्ह स्मिथ यांनी 1978 साली काढलेल्या प्रॉफेट-5 मध्ये तो होता, आणि वादकाने जुळवून ठेवलेला आवाज हे यंत्र लक्षात ठेवी. पोटात प्रोसेसर आल्यावर वाद्यं आकड्यांतून बोलू लागली, पण प्रत्येक घराण्याची बोली निराळी. ओबरहाइमची जाडजूड समांतर तार, रोलंडची डीसीबी नावाची जोडणी, सीक्वेन्शियलची स्वतःची तिसरीच. रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी घड्याळदुरुस्तीपासून सुरुवात केली होती आणि 1972 मध्ये ओसाकात ही कंपनी काढली होती. जून 1981 मध्ये त्यांनी टॉम ओबरहाइम यांच्याकडे विषय काढला की सगळ्यांची मिळून एकच जोडणी असावी. ओबरहाइमची पद्धत काकेहाशींना फार अवजड वाटली. मग बोलणी डेव्ह स्मिथ यांच्याशी सुरू झाली.

स्मिथ आणि त्यांचे सहकारी चेट वुड यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कला ध्वनी-अभियंत्यांच्या परिषदेत एक मसुदा मांडला. त्याचं नाव होतं युनिव्हर्सल सिंथेसायझर इंटरफेस. जानेवारी 1982 मध्ये वाद्यव्यापाऱ्यांच्या नॅम या संघटनेच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने कंपन्यांची बैठक झाली. मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग हाच वाटतो. अमेरिकेतल्या बऱ्याच कंपन्या आल्या होत्या, आणि त्यांच्यातल्या अनेकांना मसुदा फारच साधा वाटला. अधिक वेग हवा, अधिक सोयी हव्यात, असा सूर निघाला आणि हळूहळू एकेकजण बाजूला झाला. मागे उरले सीक्वेन्शियल आणि चार जपानी कंपन्या: रोलंड, यामाहा, कॉर्ग, कावाई. या पाच जणांच्या पत्रव्यवहारातून मसुद्याचं रूप पालटत गेलं. ऑक्टोबर 1982 मध्ये रॉबर्ट मूग यांनी ‘कीबोर्ड’ मासिकात मिडीची बातमी दिली, आणि जानेवारी 1983 मध्ये अनाहाइमच्या प्रदर्शनात सीक्वेन्शियलचा प्रॉफेट-600 आणि रोलंडचा ज्युपिटर-6 एका तारेने जोडून दाखवण्यात आले. एकाच्या पट्ट्या दाबल्या की दुसरा वाजत होता. ऑगस्टमध्ये मिडी 1.0 चा लेखी आराखडा प्रसिद्ध झाला. ज्यांना जास्त हवं होतं त्यांनी स्वतःहून मैदान सोडलं म्हणून थोडक्यावर भागवणाऱ्यांचं मत टिकलं. हा योगायोग होता हे मान्य करायला हवं, पण उरलेल्यांनी त्या योगायोगाचा फायदा नीट करून घेतला.

तारेच्या आत काय आहे ते जवळून पाहिलं की ही काटकसर किती कसोशीची होती ते दिसतं. टोकाला पाच पिनांचा गोल डिन प्लग आहे, जो तेव्हा घरगुती टेपरेकॉर्डरला सर्रास असायचा आणि म्हणून स्वस्त होता. पाचांपैकी तीनच पिना वापरात आहेत: दोन संदेशासाठी, एक तारेवरच्या जाळीसाठी. दोन रिकाम्या ठेवल्या. संदेशाचा वेग सेकंदाला 31,250 बिट. हा अडनिडा आकडा कुठून आला? 1 मेगाहर्ट्झला 32 ने भागलं की तोच येतो, आणि असा भागाकार करणारं सर्किट अगदी किरकोळ किमतीत होतं. ज्या बाजूला संदेश पोहोचतो तिथे एक चिमुकला दिवा बसवलेला असतो. तारेतून 5 मिलिअँपिअरचा प्रवाह आला की तो लुकलुकतो आणि समोरचा प्रकाशसंवेदक ती लुकलुक वाचतो. दोन वाद्यांमध्ये विजेचा थेट संबंध येतच नाही, त्यामुळे अर्थिंगच्या घोळातून उठणारी घरघर स्पीकरपर्यंत पोहोचत नाही. जिथे खर्च करणं भाग होतं तिथे तो केला, बाकी ठिकाणी नाही. वाद्याच्या किमतीत या सगळ्याची भर अगदी थोड्या डॉलरांची पडे, कारण प्रोसेसर आत आधीपासून होताच.

आणि या तारेतून जातं काय? मधला षड्ज म्हणता येईल असा पियानोचा ‘मिडल सी’ दाबला की तीन आकडे निघतात, उदाहरणार्थ 144, 60, 100. पहिल्याचा अर्थ ‘पहिल्या चॅनेलवर सूर सुरू’ (एका तारेत असे सोळा चॅनेल असतात), दुसरा पट्टीचा क्रमांक, तिसरा बोट किती वेगाने पडलं त्याचा, 1 ते 127 या मोजपट्टीवरचा. बोट उचललं की पुन्हा तीन आकडे. त्यात आवाज कुठेच नाही. सीडीवरच्या ध्वनीला सेकंदाला चौदा लाखांहून अधिक बिट लागतात. मिडीची संपूर्ण तार त्याच्या पंचेचाळिसाव्या हिश्शात भागते, कारण ती बोटांची हालचाल तेवढी कळवते आणि गळा कुणाचा याबद्दल अवाक्षर काढत नाही. पियानो संगणकाला जोडणाऱ्या नवख्या माणसाची हमखास तारांबळ उडते ती इथेच. एक पट्टी दाबावी आणि दोन आवाज यावेत, एक पियानोचा स्वतःचा आणि दुसरा संगणकातून फिरून आलेला. यावर उपाय म्हणजे पियानोच्या सेटिंगमध्ये ‘लोकल कंट्रोल’ बंद करायचा. तसं केलं की पट्ट्या आणि आवाज यांची आतली जोड तुटते, आणि बाहेरून संदेश आल्याशिवाय पियानो मुका राहतो. ही सोय 1983 च्याच आराखड्यातली आहे. वाद्याचे दोन तुकडे करता येतात, बोटांचा भाग एक आणि गळ्याचा भाग दुसरा, हे त्या पाच कंपन्यांनी कागदावर मान्य केलं. त्यातून लवकरच पट्ट्याच नसलेले, निव्वळ आवाजाचे पेटारे बाजारात आले, 1985 साली अटारी एसटी या संगणकाला जन्मतःच मिडीची सॉकेट मिळाली, आणि 1987 मध्ये अमेरिकेत यामाहाचा डिस्कलाव्हिअर आला, ज्यात खऱ्या तारांचा, खऱ्या हातोड्यांचा पियानो याच आकड्यांवर वाजतो. 1983 साली जन्मालाही न आलेल्या आवाजांना त्या सालची तार चालते, कारण आवाजाविषयी तिने कधी काही गृहीतच धरलं नव्हतं.

यावर पहिला आक्षेप इतिहासकाराचा असेल. मिडी फुकट दिली गेली, तिच्यावर परवान्याचं शुल्क नव्हतं, म्हणून ती पसरली. मग वगळण्याच्या कर्तृत्वाचं कौतुक कशाला, कारण तर सरळ पैशाचं आहे. यात तथ्य आहे, आणि त्याच वर्षीचं एक उदाहरण तुलनेला सोयीचं आहे. 1983 मध्ये यामाहाचा डीएक्स-7 आला आणि दीड लाखांहून अधिक खपला. त्यातला आवाज घडवण्याची एफएम पद्धत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी शोधली होती. विद्यापीठाने तिचं पेटंट यामाहाला दिलं आणि त्यातून दोन कोटी डॉलरच्या वर कमाई केली. एकाच पेटीत दोन शोध होते, एकाला कुंपण आणि दुसरा मोकळा. कुंपणातला शोध पेटंटची मुदत असेपर्यंत मुख्यतः एका घराण्याचा राहिला आणि मोकळा सगळ्यांचा झाला. पण मला यातून पुढचा प्रश्न पडतो: मिडी फुकट देणं कंपन्यांना परवडलं कसं? उत्तर असं की तिच्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. प्रत्येक कंपनीचं गुपित म्हणजे तिचा आवाज, आणि मिडीने आवाजाला हात लावला नाही. ज्याला खासगी काही पाठवायचं असेल त्याच्यासाठी ‘सिस्टिम एक्सक्लुसिव्ह’ नावाचं एक दार ठेवलं होतं, प्रत्येक कंपनीला त्यासाठी क्रमांक दिला होता. सीक्वेन्शियलचा 1, कावाईचा 64, रोलंडचा 65, कॉर्गचा 66, यामाहाचा 67. ज्याला ते संदेश कळत नाहीत त्या वाद्याने ते कानाआड करावेत, एवढीच अपेक्षा. फुकट देणं हे कमी ठेवण्याचंच फळ होतं. आणि औदार्याच्या गोष्टीला एक कडू शेवटही आहे: मसुदा लिहिणारी सीक्वेन्शियल 1987 मध्ये बंद पडली आणि यामाहाने ती घेतली. सगळी वाद्यं एकमेकांना जोडली जाऊ लागल्यावर गिऱ्हाईक एकाच घराण्याशी बांधलेलं राहत नाही. मग किमतीवर लढाई होते आणि त्या लढाईत मोठा कारखाना जिंकतो. काकेहाशी आणि स्मिथ यांना 2013 मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळाला. सीक्वेन्शियल हे नाव यामाहाने 2015 मध्ये स्मिथ यांना परत केलं, त्यामागे काकेहाशींचा आग्रह होता. ही माणुसकी खरीच, पण मानक टिकण्याचं कारण म्हणून ती पुढे करता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो संगीतकारांचा आहे. अमेरिकी संगणक-संगीतकार एफ. रिचर्ड मूर यांनी 1988 मध्ये ‘कम्प्युटर म्यूझिक जर्नल’मध्ये मिडीतले दोष एका लेखात मांडले. वेग अपुरा आहे आणि सगळी रचना पट्ट्यांच्या वाद्याला धरून आहे, हे त्यातले मुख्य मुद्दे. वेगाचा हिशेब करून पाहता येतो. एका बाइटला 320 मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे तीन बाइटच्या सुराला जवळजवळ एक मिलिसेकंद. सूचना तीच असेल तर पहिला आकडा पुन्हा न पाठवण्याची सवलत आहे. ती धरली तर दहा बोटं एकदम पडल्यावर दहावा सूर पहिल्याच्या मागून सुमारे सहा मिलिसेकंदांनी निघतो. ध्वनीला दोन मीटर चालून यायला लागतो तेवढाच हा वेळ. एका पियानोवादकासाठी ही अडचण मला नगण्य वाटते. सोळा चॅनेलवर अख्खा वाद्यवृंद एकाच तारेतून हाकायचा असेल तर ती खरी आहे, आणि स्टुडिओंनी एकाऐवजी अनेक तारा टाकून ती निभावून नेली.

पट्टीचा मुद्दा मात्र निकाली काढता येत नाही. 2010 मध्ये अमेरिकी संगणकतज्ज्ञ जॅरन लॅनियर यांनी आपल्या पुस्तकात तो अधिक धारदार केला: एका माणसाने पट्ट्यांच्या वाद्यासाठी केलेली सोय साऱ्या संगीताच्या पायातली बेडी झाली. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. हार्मोनियमवर मींड निघत नाही आणि श्रुती सापडत नाहीत, याच कारणाने आकाशवाणीने ते वाद्य 1940 पासून 1971 पर्यंत जवळपास वाळीत टाकलं होतं. मिडीत सूर वळवण्याची आज्ञा आहे, पण ती एका चॅनेलवरचे सगळे सूर एकदम वळवते. एक सूर स्थिर ठेवून दुसऱ्याची मींड घ्यायची तर मूळ आराखड्यात सरळ वाट नाही. ही उणीव आहेच. पण बेडी म्हणायचं तर आधी कुणाला तरी बांधलेलं दाखवावं लागेल, आणि सारंगीवाल्याला मिडी वापरण्याची सक्ती कुणी केली नाही, त्याच्यासाठी माइक होताच. लॅनियर यांचा आरोप लागू पडतो तो संगणकावर रचना करणाऱ्यांना. त्यांच्या पडद्यावर सूर चौकटींच्या जाळीत दिसतात, त्या पटलाला ‘पियानो रोल’ हेच नाव आहे, आणि जे जाळीत बसत नाही ते सुचायचं थांबतं. हा तोटा मी मान्य करतो. मात्र पर्याय कोणता होता हेही पाहावं. 1994 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी एका वाद्य-कंपनीबरोबर झीपी नावाची जोडणी मांडली. ती वेगवान होती आणि प्रत्येक सुराला स्वतंत्र वळण देणारी होती. कागदावर ती मिडीपेक्षा सर्व अंगांनी श्रेष्ठ होती, आणि बाजारात ती आलीच नाही. प्रत्येक सुराला वेगळं वळण मिळालं ते 2018 मध्ये स्वीकारलेल्या एमपीई पद्धतीने, आणि तिची युक्ती पाहण्यासारखी आहे: एकेका सुराला एकेक चॅनेल द्यायचा, म्हणजे सबंध चॅनेल वळला तरी सूर एकच वळतो. जुन्या तारेत जवळजवळ एकही नवा शब्द न घालता अर्धी मींड साधली.

उलट जिथे मानकाने आवाजाच्या प्रांतात पाऊल टाकलं तिथे काय झालं? 1991 मध्ये जनरल मिडी आली. 128 आवाजांची यादी, पहिल्या क्रमांकावर ग्रँड पियानो, दहावा चॅनेल तालवाद्यांना राखीव. हेतू चांगला होता: एकाने रचलेली फाइल दुसऱ्याच्या यंत्रावर निदान ओळखता यावी. पण यादीत नुसतं नाव ठरत होतं, नाद नाही. संगणकांच्या स्वस्त साउंड कार्डांनी आणि पुढे मोबाइलच्या रिंगटोननी त्या नावांखाली पत्र्याच्या डब्यासारखा आवाज काढला, आणि ‘मिडी’ म्हणजे तोच किरटा आवाज अशी लोकांची समजूत झाली. आजही पुष्कळांना मिडी हा आवाजाचा प्रकार वाटतो. तारेच्या वाट्याला ही बदनामी आली ती तिने करायचं नाकारलेलं काम दुसऱ्यांनी तिच्या नावावर केल्यामुळे. पेडलचं उदाहरण याच्या नेमकं उलट आहे. आराखड्यात 64 क्रमांकाचा नियंत्रक पेडलसाठी आहे. 63 पर्यंत म्हणजे पाय वर, 64 पासून पुढे म्हणजे पाय खाली, एवढाच त्याचा साधा अर्थ. पण आकडा 0 ते 127 असा पूर्ण पाठवता येत असल्याने पुढच्या डिजिटल पियानोंनी अर्धवट दाबलेला पायही त्यातून कळवायला सुरुवात केली. ज्या यंत्राला ती बारीकी कळते ते अर्धा पाय ऐकतं, ज्याला कळत नाही ते वर किंवा खाली एवढंच समजतं, आणि दोघांचंही काम अडत नाही. मूळ डीएक्स-7 तर फक्त पहिल्याच चॅनेलवर संदेश पाठवायचा, बाकीचे पंधरा त्याने पाठवताना वापरलेच नाहीत, तरी तो मिडीचा सर्वांत मोठा प्रचारक ठरला. मानकातलं थोडंच पाळलं तरी चालत होतं, म्हणून सगळ्यांनी ते पाळलं.

पुढच्या घडामोडी थोडक्यात आटोपतात. 1999 मध्ये यूएसबीतून मिडी नेण्याची रीत ठरली आणि आजच्या बहुतेक घरगुती पियानोंच्या मागे प्रिंटरला असते तशी चौकोनी सॉकेट आली. मग ब्लूटूथ आलं आणि तारच गेली. ती गेल्यावरही आकडे तेच राहिले, 144, 60, 100. जानेवारी 2020 मध्ये मिडी 2.0 जाहीर झाली. तिच्यात बोटाच्या वेगाच्या 127 पायऱ्यांच्या जागी 65 हजारांवर पायऱ्या आहेत, आणि दोन वाद्यं एकमेकांना विचारू शकतात की तुला काय काय येतं. यातल्या किती सोयी रुळतील आणि किती जनरल मिडीसारख्या मागे पडतील याविषयी मी साशंक आहे. आपल्याला काय काय येतं याची यादी वाद्याने स्वतः सांगावी, ही कल्पना 1982 च्या बैठकीतून बाहेर पडलेल्यांना आवडली असती. नव्या आराखड्यातला जो भाग नक्की टिकेल असं मला वाटतं तो अगदी छोटा आहे: विचारलेल्या प्रश्नाला समोरून उत्तर आलं नाही, तर ते वाद्य जुनं आहे असं समजावं आणि त्याच्याशी 1983 च्या भाषेत बोलावं.